माळीवाड्याखालचं स्टेशन

दोन माणसं एका जागी उभी राहून बोलताना दिसली की त्यांना पुढे सरकवायला धावणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या अक्कांचा नवरा. बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीत होते. दिवसभर गावोगावच्या मोऱ्यांचे आणि शाळाखोल्यांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन नगर शहराच्या भुयारी रेल्वेचं स्टेशन काढायचे. आपण बरोबर वाचलंत. नगरच्या. ज्या शहरात सायकलवर टांग टाकली की घाम यायच्या आत माणूस दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचा, त्या शहराच्या पोटातून आगगाडी गेली पाहिजे असं या गृहस्थांचं ठाम मत होतं.

हे खूळ कलकत्त्याहून आलं. तिकडे जमिनीखालून रेल्वे होणार अशी बातमी त्यांनी वाचनालयात वाचली आणि तिथून उठून ते सरळ आमच्याकडे आले. कलकत्त्याला होते तर नगरला का नाही, हा त्यांचा प्रश्न. मी सहज म्हटलं, नगरला कशाला हवी? तीच माझी चूक झाली. त्या संध्याकाळी मी खूप उशिरा जेवलो. निजामशाहीच्या काळात कोसांवरून खापरी नळांनी जमिनीखालून शहरात पाणी येत होतं, हे त्यांनी मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, मी स्वतः शाळामास्तर असताना. पाणी येत होतं तर माणसाला यायला काय धाड भरली आहे, असं त्यांचं म्हणणं. भुयारी रेल्वे ही मुळात नगरची कल्पना, कलकत्तेवाल्यांना ती उशिरा सुचली, असंही त्यांनी जाता जाता ठरवून टाकलं.

स्टेशन माळीवाड्याच्या वेशीखाली होतं. ‘होतं’ असं मीही आता लिहू लागलो, कारण ते स्वतः तसंच बोलायचे. नुसता नकाशा काढून त्यांचं भागत नसे, स्टेशनला इतिहास लागतो म्हणून तोही त्यांनी तयार केला होता. “जिना आधी वेशीच्या उजव्या अंगाला होता, पण भाजीवाल्यांची अडचण व्हायला लागली, मग डावीकडे घेतला,” हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणाऱ्याला भाजीवाल्यांचा राग यावा. एकदा पुण्याहून आलेले माझे एक पाहुणे हे सगळं ऐकून दुसऱ्या दिवशी एकटेच माळीवाड्यात गेले आणि खाली उतरायचा जिना कुठे आहे म्हणून टांगेवाल्यांना विचारत फिरले. परत आले ते तोंड पाडून. त्यानंतर ते आमच्याकडे उतरले नाहीत. साडूंना मी हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं की ते कोणत्या बाजूने उतरायला बघत होते.

त्या स्टेशनाचं सूत्र एकच होतं, की माणूस थांबता कामा नये. एका वाटेने आत, दुसऱ्या वाटेने बाहेर, मागे वळायचं नाही. सूत्र कागदावर राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण ते बरोबर आहे की नाही हे त्यांना माणसांवर करून बघायचं असे, आणि हाताशी माणसं आम्हीच. आमच्या घराच्या पुढच्या दारातून आत यायचं आणि मागच्या दारातून बाहेर पडायचं, असे खडूचे बाण त्यांनी आमच्या शहाबादी फरशीवर काढले. मागच्या दाराबाहेर न्हाणीघर होतं. त्यामुळे आमच्याकडे आलेला प्रत्येक माणूस निघताना न्हाणीघरावरून जायचा. बायकोने बाण पुसले की ते पुढच्या खेपेला पुन्हा काढत, आणि तिचे भाऊजी पडल्यामुळे तिला काही बोलता येत नसे. ते गेल्यावर ती मला बोले.

पिठाच्या गिरणीत त्यांनी डब्यांची ओळ मोडून दोन ओळी केल्या आणि कोणाचं ज्वारीचं पीठ कोणाच्या गव्हात गेलं. काष्टीच्या बाजारात बैलगाडीवर उभे राहून ते माणसं कशी वळतात ते बघत बसले, तर बैल घ्यायला आलेत असं समजून चार दलाल त्यांच्या मागे लागले. आणि आमच्या गल्लीत एका घरी म्हातारे गेले तेव्हा तर कमाल झाली. आम्ही सांत्वनाला गेलो होतो. दारात बायका गळ्यात पडून रडत होत्या. साडूंची चुळबुळ मला दिसत होती, मी त्यांचा सदरा मागून धरूनही ठेवला होता. तरीही ते पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “ज्यांचं भेटून झालं असेल त्यांनी जरा आत सरकावं.” मी त्या घरासमोरून पुढे कितीतरी दिवस मान खाली घालून जात होतो.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी, गुणाची. मुलगा नगरजवळच नागापूरला नव्याने निघालेल्या एका कारखान्यात कामाला, घर काष्टीचं, शेतीवाडी असलेलं. स्थळ सगळ्यांच्या मनात भरलं होतं. त्यामुळेच अक्का घाबरल्या होत्या. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या की यांच्या स्टेशनापायी माझ्या पोरीचं लग्न मोडलं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू, तुम्ही त्यांना आवरा. मी आवरायला गेलो. साडू म्हणाले, लग्नातलं सगळं तुम्ही म्हणाल तसं, मला फक्त मांडवाची आखणी करू द्या. मी होकार दिला. आजही मला त्याचं आश्चर्य वाटतं.

मांडव एका शाळेच्या पटांगणात होता. साडूंनी आदल्या दिवशी बांबू आणि सुतळी घेऊन त्यात दोन अरुंद वाटा काढल्या, एक आत यायची आणि एक बाहेर जायची, आणि जमिनीवर चुन्याच्या फक्कीने बाण मारले. वऱ्हाड आलं, आतल्या वाटेने निम्मंअर्धं पुढे गेलं आणि सगळं सुरळीत चाललंय म्हणून साडू हरखले. तेवढ्यात विहीणबाईंच्या लक्षात आलं की मंगळसूत्राची पिशवी टेम्पोतच राहिली. त्या मागे वळल्या. साडू आडवे आले. मागे वळता येणार नाही, पुढे जाऊन, मांडवाला पूर्ण वळसा घालून बाहेर पडा आणि मग टेम्पोकडे जा, असं त्यांनी मुलाच्या आईला, भर मांडवात, अत्यंत नम्रपणे सांगितलं.

विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. व्याही पुढे आले. उंचेपुरे, पांढरा फेटा, मळ्यात राबलेला माणूस. त्यांनी आधी बांबूंकडे पाहिलं, मग बाणांकडे, मग त्या वाटेच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसले.

“मागं जायाचं न्हाई म्हनता ना? मग आमाला म्होरं बी जायाचं न्हाई,” ते म्हणाले. “आमी हितंच बसतो.”

त्यांच्या मागे सगळं वऱ्हाड तुंबलं. घोड्यावरचा नवरदेव बाहेर उन्हात, भटजी आत घड्याळाकडे बघताहेत, मुलगी बोहल्यामागे मुंडावळ्या बांधून बसलेली. मुहूर्त तोंडावर आला होता. मी व्याह्यांच्या विनवण्या केल्या, साडूंच्या दंडाला धरून हलवलं, पण साडू नुसते त्या बसलेल्या माणसाकडे बघत राहिले. वाटेत कोणी बसेल ही गोष्ट त्यांच्या नकाशात नव्हती. शेवटी अक्का आल्या. स्वयंपाकाच्या बाजूने त्या विळा घेऊनच आल्या आणि कोणाशी एक शब्द न बोलता त्यांनी आतल्या वाटेची सुतळी या टोकापासून त्या टोकापर्यंत कापत नेली. बांबू धडाधड पडले. मग त्यांनी विहीणबाईंच्या पायाला हात लावला. व्याही फेटा सावरत उठले, मंगळसूत्र आलं, आणि अक्षता वेळेवर पडल्या. त्या दिवशी साडूंशी मी बोलणार नव्हतो. जेवतानाही मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो.

संध्याकाळी पाठवणी. बाहेर जायची वाट कोणी मोडली नव्हती, त्यामुळे मुलगी तिथूनच निघाली. सगळ्यांच्या पाया पडली, अक्कांच्या कुशीत रडली आणि चालू लागली. वाटेच्या अगदी तोंडाशी, दोन बांबूंच्या मध्ये, तिचे वडील उभे होते. तिने त्यांना मिठी मारली आणि सोडेचना. त्यांनीही सोडलं नाही. मागे करवल्या, सामान उचललेले लोक, दोन्हीकडचे पाहुणे, सगळे जिथल्या तिथे खोळंबले. कोणाला पुढे जाता येईना. मी बाहेर टेम्पोपाशी होतो, तिथून मला साडूंची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती हलत होती. माझा दिवसभराचा राग कुठे गेला मला कळलं नाही. टेम्पोवाला भोंगा वाजवायला लागला तेव्हा व्याह्यांनी त्याला हाताने गप्प केलं.

“घाई न्हाई, पाव्हनं,” ते साडूंना म्हणाले. “हुंद्या निवांत.”

त्यानंतर साडू आमच्याकडे यायचे बंद झाले. फरशी स्वच्छ राहू लागली, लोक आले त्याच दाराने परत जाऊ लागले. याच सुखासाठी मी देवाला हात जोडले होते. पण ते सुख काही अंगी लागेना, म्हणून एका रविवारी मीच त्यांच्याकडे गेलो. ते नकाशे काढायच्या फळ्यासमोर बसले होते. स्टेशनाचा कागद लावलेला होता, आणि जिना उतरून खाली आल्याबरोबर जो भाग होता तो सगळा रबराने खोडून पांढरा केला होता. कागद तिथे झिजला होता.

“इथे थोडी जागा सोडावी म्हणतो,” ते म्हणाले. “निरोपाला.”

मला जुनी सवय. मी म्हटलं, अहो, ही शहरातली गाडी, हिच्यातून माणसं सकाळी कामावर जाणार आणि संध्याकाळी परत येणार, तिथे कोण कोणाला निरोप देणार आहे?

त्यांनी कागदावरचा रबराचा भुगा फुंकला. मग म्हणाले, “रोज कोणीतरी पहिल्यांदाच जात असेल की.”

आत अक्का काहीतरी निवडत होत्या, त्यांचा हात थांबलेला मला दिसला. साडूंनी पट्टी उचलली, त्या पांढऱ्या भागावर ठेवली आणि तशीच धरून बसले. आयुष्यभर माणसं मोजलेला तो गृहस्थ मला विचारू लागला की अशा जागेला माप किती धरावं, तुम्हाला काही अंदाज आहे का.

माझ्या दोन्ही मुली तेव्हा शाळेत जात होत्या. मी म्हटलं, “ऐसपैस ठेवा.”