माझ्या मायनं उभे केलेले खांब

आमच्या गावात फोनचे खांब दुसऱ्यांदा उभे राहिले ते माझ्या मायमुळे. हे मी कुठंही आणि कुणासमोरही सांगते. सांगताना माझी मान जरा ताठ होते, ती होऊ द्यावी. पहिल्यांदा खांब लागले तेव्हा त्याचं श्रेय आमच्या भागातल्या पुढाऱ्यानं घेतलं होतं. त्याच्याकडे तेव्हा कोणती खुर्ची होती ते सांगत नाही. खुर्च्या बदलत राहिल्या, माणूस तोच राहिला.

गाव आदिलाबाद जिल्ह्यात, अगदी महाराष्ट्राच्या सीमेला लागून. शेतात कापूस आणि ज्वारी, घरात मराठी, ऑफिसात गेलं की तेलुगू. नव्वदच्या दशकात गावातल्या एकुलत्या एक किराणा दुकानात फोन बसला. पुढारी जीपमधून आला, त्यानं फीत कापली, गळाभर हार घालून घेतले आणि दुकानाच्या ओट्यावर उभा राहून म्हणाला, "हा फोन मी आणला!" फोन आणला होता फोनच्या ऑफिसातल्या लोकांनी, खड्डे खणले होते आमच्याच गावच्या गड्यांनी. पण कुणी हरकत घेतली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मायनंही वाजवल्या.

पुढं माझा धाकटा भाऊ फौजेत लागला आणि तो फोन आमच्या घरचाच होऊन बसला. त्याचा फोन यायचा तो रविवारी. दुकानदार पोराला पाठवायचा, माय हातातलं पीठ तसंच ठेवून पळायची. बोलायची काय, तर "जेवला का?" एवढंच. पण ते विचारून आली की आठवडाभर तिचा पाय जमिनीला लागायचा नाही.

ज्या वर्षी कारगिलची लढाई झाली, त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक वादळ आलं आणि नाल्याकाठचे खांब आडवे करून गेलं. पुढच्या काही दिवसांत तारा नाहीशा झाल्या. कुठं गेल्या ते मला विचारू नका, गाव माझंच आहे. दुकानदारानं फोनवर बिस्किटांचे डबे रचले. गावची चार माणसं पुढाऱ्याकडे दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा तो "चूस्ता" म्हणाला, म्हणजे बघतो. आणि मग लढाई सुरू झाली. भाऊ तिकडेच, त्या डोंगरांत. रेडिओवर शहीद झालेल्यांच्या बातम्या यायच्या आणि आमचे वडील आवाज बारीक करून ऐकायचे. मायला कळू नये म्हणून. माय चुलीपुढं बसून सगळं ऐकायची.

मी तेव्हा बेल्लमपल्लीला. नवरा कोळशाच्या खाणीत. मायचा जीव थाऱ्यावर नाही असं कळलं, तशी लेकराला सासूकडे ठेवून मी माहेरी आले.

त्याच आठवड्यात पुढाऱ्याची सभा झाली, शाळेच्या पटांगणात, जवानांच्या सन्मानासाठी म्हणे. जीपला तिरंगा, भोंग्यावर देशभक्तीची गाणी, सोबत फोटोवाला. निवडणूक जवळ आली होती हे वेगळं सांगायला नको. त्यानं मायला पुढं बोलावलं, तिच्या पायाला हात लावला आणि माइकवर ओरडला, "ह्या अम्माचा एक मुलगा सीमेवर हाय. दुसरा मी! आजपासून ही माझी अम्मा हाय!"

फोटो निघाला. मायनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लोक बेभान होऊन टाळ्या वाजवत होते. मला मात्र राग आला होता, कारण हा माणूस आमच्या घरावर आलेल्या घोराचा गुलाल उधळत होता. घरी येईपर्यंत मी धुसफुसत होते. माय शांत. तिनं मला एकच विचारलं, "त्यानं साऱ्या गावासमोर म्हनलं ना?"

"म्हनलं."

"मंग उद्या जाऊ त्याच्या घरी."

आमच्याकडे मानलेलं नातं म्हणजे तोंडची वाफ नसते. मानलेल्या भावाला बहिणीच्या लग्नात उभं राहावं लागतं, मानलेल्या लेकाला म्हातारीचं दुखणंखुपणं काढावं लागतं. माइकवर बोलला म्हणून सूट मिळत नाही. मायनं ज्वारीचं पीठ बांधलं, शेवया घेतल्या, मिरचीच्या लोणच्याची बरणी घेतली. लेकाकडे जायचं तर तयारी नको? वडील दारात आडवे आले. "मोठ्या मानसाशी वाकडं कायले घेतं?" माय म्हणाली, "वाकडं कुठी? लेकाकडे चालली मी."

त्याचं घर मोठ्या रस्त्यावरच्या गावात, बसनं तासाभरावर. व्हरांड्यात अर्जवाले बसलेले, आत बैठकीत तिपाईवर फोन, त्यावर विणलेलं झाकण. तो घरी नव्हता. त्याची बायको बाहेर आली. माय तिला म्हणाली, "सूनबाई, हे पीठ आत ठेव. मी राहाले आली."

ती बाई आधी हसली, मग गोंधळली, मग मायचा चेहरा पाहून तिनं गाठोडं आत नेलं. तिच्याबद्दल मी कधी वाईट बोलणार नाही. संध्याकाळपर्यंत ती मायला "अत्तम्मा", म्हणजे सासूबाई, म्हणायला लागली होती, आणि चेष्टेनं नाही. त्यांच्या घरचा फोन नंबरही तिनंच सांगितला. मी तो घालून भावाला पत्र टाकलं, की गावचा फोन बंद आहे, माय या घरी आहे, जमलं तर इथं कर.

पुढारी येईना. सभा सुरू होत्या. माय रोज सकाळी अंघोळ करून व्हरांड्यात बसायची. येणारे-जाणारे विचारायचे, काऊन आल्या? ती सगळ्यांना सारखंच सांगायची. "लेकाकडे आली. आमच्या गावचे फोनचे खांब पडले हाय, ते उभे होईतोवर राहीन." अर्जवाले आपले अर्ज विसरून तिच्याभोवती बसायला लागले. त्याच्या माणसांना ते झोंबलं. एक पांढऱ्या कपड्यातला कार्यकर्ता तावातावानं आला. "बाई, देशावर संकट आलं हाय! जवान मरून राह्यले, अन तुमी खांबाचं काय घेऊन बसल्या? ही काय साहेबाले सवाल विचारायची वेळ हाय?"

मायनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "संकट हाय म्हनूनच विचारून राह्यली. सुखाचे दिवस असते त खांब वर्षभर पडून राह्यला असता, मी नसती आली. अन जवान जवान तू मले नको सांगू. तो माह्या घरून गेला हाय, तुह्या नाई."

मी भिंतीला टेकून उभी होते. ही बाई मला लहानपणी भाजीवाल्याशीही घासाघीस न करणारी म्हणून माहीत होती.

शेवटी तो आला. तिला पाहून दचकला, पण पुढारीच तो, लगेच हात जोडून हसला. "अम्मा, तुमी? कळवायचं ना!"

"लेकराच्या घरी कळवून येते का कोनी?" माय म्हणाली. ती त्याला सरळ एकेरीत बोलत होती. "खांब कवा उभे करतं, बापू?"

त्यानं आमच्यासाठी चहा मागवला, स्वतः खाली सतरंजीवर बसला. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. "अम्मा, लढाई चालू हाय, वरचे सगळे साहेब गुंतले हायेत. सगळं शांत झालं की पयलं काम तुमचं. तोवर हा फोन तुमचाच समजा. इथी राहा. तुमच्या मुलाचा फोन आला की पोटभर बोला. जितके दिवस राहायचं तेवढे राहा."

मी सुटकेचा श्वास टाकला. खरंच सांगते, मला वाटलं, झालं, जिंकलो. भावाचा आवाज ऐकायला मिळणार, आणखी काय पाहिजे?

मायनं कप खाली ठेवला. "गावातली आनखी दोन पोरं फौजेत हायेत. त्यायच्या माया कुठी बसवू? तुह्या सैपाकघरात?"

त्यानं चहाचा कप पुन्हा मायकडे सरकवला.

"हा फोन घेतला त माहं तोंड बंद होते," माय म्हणाली. "तुह्या घरी बसून तुलेच कसं विचारू? गावात कोनाची बाई अडली, कोनाले साप चावला, तं दवाखान्यात सांगाले फोन नाई. लेक म्हनून मी आली, ते खांबासाठी. फोनसाठी नाई." मग ती आत बघून म्हणाली, "सूनबाई, माही बरणी राहू दे, लोनचं खा. येतो आमी."

बसमध्ये मी तिच्याशी भांडले. रडत रडत भांडले. पत्र गेलं होतं. फोन यायचा तो आता त्या घरीच येणार, आणि आम्ही तिथं नसणार. "तुले तुह्या पोराचा आवाज नाई ऐकाचा का?" असं मी तिला सगळ्या बससमोर विचारलं. ती खिडकीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत राहिली, गाव येईपर्यंत. तिला किती ऐकायचा होता ते मला तेव्हा दिसलं, आणि माझं भांडण तिथंच मिटलं.

पाऊस पडला, पेरण्या झाल्या, कापूस वर आला. भावाची खबर नाही. आम्ही शेतात निंदत होतो त्या दिवशी गावाच्या वाटेनं एक जीप येताना दिसली. तिरंगा नव्हता, भोंगा नव्हता. जीप गावात न थांबता सरळ आमच्या शेताकडे वळली.

असली जीप कशासाठी येते ते तेव्हा साऱ्या देशाला माहीत होतं. मी मायकडे पाहिलं. ती उभी राहिली, हातात खुरपं, आणि हलली नाही. वडील बांधावरून धावत सुटले. गावातूनही माणसं पळत येत होती. पुढारी एकटाच उतरला आणि चिखलातून चालत आला. त्याला यायला किती वेळ लागला! तो जवळ आला तेव्हा माय फक्त म्हणाली, "सांग."

"खुशाल हाय, अम्मा. काल त्याचा फोन आला होता."

माय मटकन सरीतच बसली. वडील तिथंच उभे राहून मोठ्यानं रडले. मी त्यांना तसं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

भोवती अर्धं गाव जमलं होतं. पुढारी जायला निघेल असं मला वाटलं. चांगली खबर दिली होती, वाहवा घेऊन निघायला ती पुरेशी होती. पण तो मान खाली घालून उभाच राहिला. मायनं विचारलं, "काय म्हने?"

"तुमाले बोलवा म्हने. म्या म्हनलं, त्या गावी गेल्या. मंग गावात फोन करतो म्हने. तवा मले सांगा लागलं, खांब अजून पडलेलेच हायेत." तो थांबला, मग म्हणाला, "त्यानं विचारलं, तुमी कोन? म्या नाव सांगितलं."

"मंग?"

"मंग म्हने, साहेब, इथी माहं काम तारा जोडायचंच हाय. रोज गोळे पडते, रोज तार तुटते. आमी लगेच जाऊन जोडतो. लढाई संपायची वाट नाई पाहत. तुमच्या इथी काय अडचन हाय?"

भाऊ फौजेत नेमकं काय काम करतो ते आम्हाला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. मायला घोर नको म्हणून त्यानं कधी सांगितलंच नव्हतं.

"तू काय उत्तर देल्लं त्याले?" मायनं विचारलं.

"हे खांब ह्याच आठवड्यात उभे करतो म्हनलं. उद्या मी स्वतः मानसं घेऊन येतो, अम्मा."

माय उठली, लुगड्याचा चिखल झटकला. कितीतरी दिवसांनी फोनवर बोलायला मिळालेला तेवढा वेळ भावानं खांबांचं विचारण्यात घालवला होता, आणि मायच्या तोंडावर असं हसू होतं, की मी ते मरेपर्यंत विसरणार नाही. ती पुढाऱ्याकडे नाही, आमच्याकडे नाही, साऱ्या गावाकडे वळून म्हणाली, "पाह्यलं? म्या काई शिकवलं नव्हतं बरं त्याले. माह्याच पोटचा हाय!"