रोहिदासचा न केलेला प्रवास

दौंडच्या रेल्वे कॉलनीत एके काळी माझ्या एका निबंधाने फार भाव खाल्ला होता. निबंध इंग्रजी, विषय 'आगगाडीने केलेला लांबचा प्रवास'. दिवसा मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायची आणि संध्याकाळी रेल्वेच्या खात्याअंतर्गत परीक्षांना बसणारी मोठी माणसं माझ्याकडे शिकवणीला यायची. खिडकीबाहेर मागे पळणारी झाडं, बोगद्यात किंचाळणारी पोरं, शेजारचा गप्पिष्ट म्हातारा आणि शेवटी एक सुविचार, असं बावीस ओळींचं ते प्रकरण होतं. पाठ करायचं, उतरवायचं, पंचवीसपैकी पंधरा घ्यायचे. चौदा कधी पडले नाहीत आणि सोळाही नाहीत.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीआधी रोहिदास सोनवणे आला. मूळचा कवठे येमाईचा, दौंड स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन. त्याला मालगाडीचा गार्ड व्हायचं होतं. व्याकरणाला पन्नास मार्क, निबंधाला पंचवीस, पास व्हायला एकूण पंचेचाळीस. आधी दोनदा तो आपटला होता. आता वय चव्वेचाळीस आणि पंचेचाळिशीनंतर बसता येत नव्हतं. यंदाची संधी गेली की गेलीच.

व्याकरण त्याने असं धरलं की मी बघत राहिले. नियम सांगितला की त्याचा चेहरा उजळायचा. वर प्रश्न ठरलेले.

"बाई, ह्यो नियम मोडला तर काय व्हतं?"

"मार्क जातो."

"एवढंच? आमच्याकडं माणसं जात्यात."

निबंधापाशी मात्र गाडी अडली. पाठांतर पक्कं होतं, पण लिहायला बसवलं की पहिल्या ओळीवरच पेन थांबायचा. तीन आठवडे हेच. शेवटी मी वैतागून विचारलं, तेव्हा तो खालमानेने म्हणाला, "बाई, हितं 'मी गेलो' असं लिव्हलंय. मी तर गेलोच न्हाई."

मला आधी ती थट्टा वाटली. पण खरंच, एकोणीस वर्षं रेल्वेत काढूनही हा माणूस लांबच्या गाडीत बसला नव्हता. गाव कवठ्याला, सासर न्हावऱ्याला, बहीण रांजणगावला. शिरूर तालुक्यात रेल्वेच जात नाही, त्यामुळे सगळं येणं-जाणं एसटीने. रजा पडायची ती कांद्याच्या लागणीला आणि काढणीला. खात्याचे फुकट पास दर वर्षी वाया जायचे. "शटलनं पुण्याला दोनदा गेलोय," तो म्हणाला, "तेबी उभ्यानं."

"मग काय झालं? परीक्षक तुमचं तिकीट तपासायला येणार आहे का?"

तो हसला, पण पेन काही हलला नाही. मग त्याने त्याच्या कामाची रीत सांगितली. गाडी पुढे गेली की शेवटच्या डब्यामागची पाटी डोळ्यांनी बघायची. ती दिसली तरच गाडी पुरी आली, असं समजून रजिस्टरात सही करायची. एखादा डबा मागे तुटून राहिला असेल आणि न बघता सही केली, तर मागून येणारी गाडी त्याच्यावर आदळते. "एकोणीस वरीस न बघता काय लिव्हलं न्हाई, बाई. हात वळत न्हाई."

"अहो, निबंध आणि रजिस्टर एक आहे का?"

"तेच इचारायचं हाय. व्याकरणाला बरोबर-चूक असतं. निबंधाला मार्क कशावर देत्यात?"

अक्षर, लांबी, स्पेलिंग, असं काहीबाही मी सांगितलं. माझं मलाच ते पटलं नाही. त्याने पुढे विचारलं, "तुम्ही तरी गेला व्हता न्हवं? ह्यो बोगदा कुठला?"

आता काय सांगणार! हा निबंध मला माझ्या सरांनी लिहून दिला होता, त्यांना कुणी दिला देव जाणे. बोगदा कुठला, हे बावीस वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं आणि मलाही कुणी विचारलं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी मी त्याच्यावरच खेकसले, "पास व्हायचंय ना? मग पाठ केलंय तेच लिहा." तो "व्हय" म्हणाला आणि गेला.

डिसेंबरात रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये परीक्षा झाली आणि नेमका माझाच विषय आला. संध्याकाळी शिकवणीची मंडळी पेढे घेऊनच आली. सगळ्यांत शेवटी रोहिदास आला.

"लिहिलात ना?"

"लिव्हला. पर माझाच लिव्हला. आय हॅव नॉट गॉन. आय हॅव सेंट मेनी ट्रेन्स." आपण कधी गेलो नाही, गाड्या तेवढ्या पाठवल्या, त्यांतली माणसं कुठे उतरत असतील याचा विचार करत फलाटावर उभं राहतो, असं त्याने दीड पान लिहिलं होतं. मला इतका संताप आला की त्याला बसा म्हणायचंही राहिलं. हातातोंडाशी आलेला घास स्वतःच्या हाताने टाकून दिला होता त्याने. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

फेब्रुवारीत स्टेशनातल्या बोर्डावर निकाल लागला. बाकीच्यांना निबंधात पंधरा-पंधरा. रोहिदासला नऊ. खरं लिहिल्याची किंमत नऊ, हे मी बोर्डासमोर दोनदा वाचलं. पण व्याकरणात त्याला छत्तीस होते. छत्तीस आणि नऊ, पंचेचाळीस. काठावर का होईना, पास! मी भर फलाटावर टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे बघितलं.

ट्रेनिंग संपवून मे महिन्यात तो माझ्या घरी आला, गार्डच्या पांढऱ्या गणवेशात. हातात वहीची चार पानं होती, दोन्ही बाजूंनी भरलेली. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून तो दौंडहून मनमाडला जाऊन आला होता.

"आता गेलोय, बाई. आता लिव्हलाय. तपासा."

लाल पेन घेऊन मी बसले. पहिल्याच ओळीत दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. गाडी विसापूरला बाजूच्या लाईनवर घातली होती. एक तास झाला, दोन तास झाले, सिग्नल मिळेना. जवळचं पाणी संपलं. लांब शेतात एक बाई उभी होती आणि ती हात करून त्याला बोलावत होती. गार्डने गाडी सोडायची नसते. त्याने हिरवा झेंडा खाली ठेवला आणि तो पायरीवर आला. तिथे पान संपलं.

बावीस वर्षं मी निबंध तपासले, पुढची ओळ मला कायम पाठ असायची. लाल पेन बाजूला ठेवून मी घाईने पान उलटलं.