डॉक्टरांचा निळ्या झाकणाचा डबा

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आज्जी, तू रोज सकाळी बागेत वाकून काय बघतेस?" खालच्या मजल्यावरचे डॉक्टर गेल्या महिन्यात वारले, तेव्हा आता ते सांगूनच टाकते.

उभ्या सोलापुरात कुत्र्याच्या शीकडे इतक्या आदराने पाहणारा दुसरा माणूस झाला नसेल. गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ जिन्यात भेटले, की माझ्या गुडघ्यांची चौकशी नाही, "टिप्याला कशी झाली? घट्ट की सैल?" हाच त्यांचा नमस्कार. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढत असताना ते आतड्यातल्या चांगल्या जंतूंवर बोलू लागत. शेजारचे पान सोडून उठत. डॉक्टरांना वाटे, त्यांचं जेवण झालं.

तुम्ही माझ्याकडे ठेवून गेलेला टिप्या तीन महिन्यांचा होता, तेव्हा त्याला पार्व्हो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांचा तो जीवघेणा आजार, झाला. रक्ताची हगवण, उलट्या, मान उचलेना. सलाईन चालूच होतं. "उद्या सकाळी आणखी एक औषध देऊन बघू," एवढंच डॉक्टर म्हणाले. सकाळी निळ्या झाकणाचा डबा माझ्या ओट्यावर ठेवून ते सिरिंज आणायला खाली गेले. मी झाकण उघडलं आणि वाटलं, म्हातारपणी बिचाऱ्यांचा काहीतरी घोटाळा झाला. डबा संडासात रिकामा केला, दोनदा साबणाने घासला. शेजाऱ्याचा डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून शेंगाचटणी भरून ठेवली.

"वहिनी, हे काय?"

"शेंगाचटणी."

"आणि आधीचं?"

"टाकलं."

डॉक्टर मटकन खाली बसले. "अहो, तेच औषध! निरोगी कुत्र्याची शी. कालवून, गाळून, मागून आत सोडायची. आजाराने याच्या पोटातले चांगले जंतू मेलेत, ते परत पेरायचे. खात्री नाही, पण पोरगं हाती लागेल."

चटणी वाटीत काढली, डबा पुन्हा घासला आणि मीच त्यांच्याबरोबर निघाले. कोपऱ्यावर कडक भाकऱ्या करणाऱ्या बाईंचा वाघ्या त्यांनी लस टोचून, तपासून हेरून ठेवला होता. आम्ही दोघं म्हातारी त्याच्या मागे तासभर.

"ओ डॉक्टर," बाई ओरडल्या, "सकाळी एकदा झालंय की त्याचं! आता आज्जींना बघून लई लाजतंय."

"लाजू दे. पण बसू दे."

शेवटी वाघ्या बसला. तिसऱ्या दिवशी टिप्याने मान उचलली आणि भात चाटला. मी चटणीची वाटी घेऊन डॉक्टरांची माफी मागायला गेले, तर त्यांनी चटणी बोटावर घेऊन चाखली. "मीठ कमी आहे," म्हणाले, आणि डोळे पुसले.

आता जिन्यात कुणी विचारत नाही. टिप्या आहे. मी चहाच्या आधी बागेत जाऊन, वाकून बघते. आज घट्ट होती.