शेवटची चार मिनिटं

घड्याळजींच्या हातून एकही घड्याळ चुकीची वेळ घेऊन गेलं नाही. घरच्या सेट टॉप बॉक्ससमोर मात्र त्यांनी हात टेकले. त्याची वेळ सॅटेलाइटवरून यायची आणि चार मिनिटं पुढे असायची. त्यामुळे ते दुकानात असताना होणारं रहस्यमालिकेचं रेकॉर्डिंग खुनी सापडायच्या आतच संपायचं. बायको मालिका वेळेवर बघायची. खुनी सांगायच्या बदल्यात ती त्यांच्याकडून भांडी पुसून घ्यायची.

एका गुरुवारी बॉक्सची वेळ आपोआप सुधारली. रेकॉर्डिंगच्या शेवटी ड्रायव्हरला बेड्या पडलेल्या त्यांनी स्वतः पाहिल्या. तरी सवयीने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "कोण निघाला?"

"डॉक्टर," ती मागे न वळता म्हणाली.

"मला वाटलंच होतं," म्हणत घड्याळजींनी फडकं उचललं.