वाइंडर, सर्व्हेअर आणि डोंगरावरचा रिपीटर

त्याला सगळे वाइंडर म्हणत. जळालेल्या विजेच्या मोटारी नव्या तारेनं भरून देणं हा त्याचा धंदा. बाजाराच्या मागच्या गल्लीत चिंचोळं दुकान, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, फरशीवर पोट फाडून ठेवलेल्या मोटारी, आणि सगळ्याला व्हार्निशचा वास. माणूस नाकासमोर चालणारा आणि बोलायला महाकंजूष. गिऱ्हाईक विचारायचं, "मोटर कधी मिळेल?" हा म्हणायचा, "भरून झाली की." एवढ्यावर संवाद संपायचा.

पण दुकानाच्या माळ्यावर त्याचा रेडिओ सेट होता. परीक्षा देऊन त्यानं हौशी रेडिओचा परवाना काढला होता, आणि माइक हातात आला की याच माणसाची जीभ सुटायची. बायको-पोरांचा व्याप नव्हता. आईवडील गेल्यावर धाकटी बहीण चिमी आणि तो, एवढंच घर. चिमी म्हणायची, "दादा भिंतीशी जास्त बोलतो, माझ्याशी कमी."

त्या भिंतीतूनच एक दिवस सर्व्हेअर भेटला. जमिनी मोजायची नोकरी, हौस रेडिओचीच, आवाज खणखणीत, आणि गप्पिष्ट असा की वाइंडरच्या वाटणीचंही तोच बोलून घ्यायचा. आधी आवाजाची ओळख झाली, मग दुकानात येणं, मग घरी येणं. दादाचा दोस्त म्हणून आला आणि बघता बघता चिमीचा नवरा झाला. वाइंडर लग्नात दोनच वाक्यं बोलला, पण त्याला झालेला आनंद त्याच्या कानांवर दिसत होता. ते लालबुंद झाले होते.

पुढं सर्व्हेअरची बदली डोंगराच्या पलीकडच्या गावात झाली. मध्ये डोंगर आडवा आला की या सेटचा आवाज मरतो. फोन होते, पण फोनवर माणूस कामापुरतं बोलतो, आणि वाइंडर तर तेवढंही बोलत नसे. दुकान त्याला एकाएकी मोठं वाटायला लागलं.

सर्व्हेअर एकदा भेटायला आला तो डोंगराचा नकाशा घेऊनच. "डोंगर हटवता येत नाही," तो म्हणाला, "तर त्याच्या डोक्यावर बसू."

म्हणजे रिपीटर. शिखरावर बसलेल्या माणसानं या बाजूच्याची हाक ऐकावी आणि तीच त्याच क्षणी त्या बाजूला ओरडून सांगावी, असं काम करणारं यंत्र. ऐकायला सोपं, करायला अवघड. कारण ऐकायचं आणि ओरडायचं एकाच वेळी, एकाच अँटेनातून. स्वतःच्या ओरडण्यानं स्वतःचाच कान बधिर होऊ नये म्हणून तांब्याच्या उंच डब्यांची एक रांग लागते. प्रत्येक डबा एका नेमक्या लहरीला वाट देतो, दुसरीला अडवतो. ते डबे वाइंडरनं दुकानातच बनवले. पाइप कापले, बुडं झाळली, आणि मग कित्येक आठवडे स्क्रू पिळत बसला. चिमूटभर जास्त फिरला की सगळं मुसळ केरात. गिऱ्हाइकांच्या मोटारी तशाच पडून राहिल्या. लोक ओरडून जात. याला ऐकूही येत नसे.

शिखरावर एका बंद पडलेल्या पाणीयोजनेची दगडी खोली होती. शहरातला दातांचा डॉक्टर या हौशी मंडळींचा म्होरक्या होता. त्यानं खटपट करून ती खोली वापरायची परवानगी मिळवली. शेजारी पाइप जोडून मनोरा उभा केला, तारांचे ताण दिले. वाइंडर उंचीला टरकायचा. शिडीच्या तिसऱ्या पायरीवरूनच तो खाली उतरायचा. त्यामुळं जमिनीवरचं काम वाइंडरचं आणि वरचं मेहुण्याचं, अशी वाटणी आपोआप झाली. सर्व्हेअर माकडासारखा वर चढायचा आणि टोकावरून खालच्याची टिंगल करायचा.

रिपीटर चालू झाला, आणि रोज सकाळी चहाच्या वेळी डोंगराच्या दोन्ही अंगांना दोन कप भरले जाऊ लागले. हवा कशी आहे, वरच्या बॅटऱ्या उन्हानं किती भरल्या, चिमीची कंबर कशी आहे. इतर मंडळीही येऊन दोन शब्द टाकून जात. चिमी मागून ओरडायची, "यांचं लग्न माझ्याशी झालंय की दादाशी, एकदा विचारून घ्या." तिचा आवाज माइकमध्ये यायचा आणि दोन्हीकडे हसू पिकायचं. अशी वर्षं गेली. चांगली गेली.

मग एका वादळी मोसमानंतर आवाज फाटायला लागला. अँटेनाच्या जोडातून केबलमध्ये पाणी शिरलं होतं. दोघं वर गेले. त्या दिवशी रिपीटर बंद राहील असं वाइंडरनं आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. सर्व्हेअर पट्टा बांधून वर गेला, जोड सोडला, केबल खाली लोंबकळत टाकली. आणि त्याच्या वजनानं मनोऱ्याचा वरचा तुकडा एका वेल्डपाशी मोडला. बाहेरून रंग ताजा होता, आतून पाइप गंजून पत्र्याइतका पातळ झाला होता. पट्टा ज्याला बांधला होता तो तुकडाच सर्व्हेअरसकट खाली आला.

तो पाठीवर पडला. शुद्धीत होता. वाइंडरनं त्याचा पाय हलवून पाहिला तर त्याला कळलंच नाही.

फोनला तिथं रेंज नव्हती. वाइंडरनं हातातल्या सेटवरून हाका मारल्या. शिखरावरून तो आवाज दोन्ही खोऱ्यांत सहज पोचत होता, पण ऐकायला कुणाचाच सेट चालू नव्हता. त्यानंच सांगितलं होतं ना, आज काही नाही म्हणून. शेवटी अंगातला कोट मेहुण्यावर पांघरून तो एकटा डोंगर उतरत धावला. माणसं आणि स्ट्रेचर घेऊन परत वर पोचेपर्यंत सावल्या लांब झाल्या होत्या.

सर्व्हेअर वाचला, पण छातीखालचं शरीर गेलं ते गेलंच. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकाच्या दोन टोकांना बहीणभाऊ बसले होते. चिमी भिंतीकडे बघत म्हणाली, "दादा, तू घरी येऊ नकोस."

"चिमे..."

"चूक कुणाची ते मी विचारत नाही. तू दिसलास की मला ते दिसणार. मला त्यांचं करायचंय. मला ते सारखं बघायला नकोय."

वाइंडर उठला आणि चालू लागला. जिन्यात त्याला आठवलं की आपली छत्री बाकाखाली राहिली. ती आणायला परत जाण्याचा त्याला धीर झाला नाही.

त्यानंतर त्यानं डोंगराचं नाव टाकलं. माळ्यावरच्या सेटवर फडकं घातलं. मोटारी भरायच्या, जेवायचं, झोपायचं. हात चालत होते, जीव कशात नव्हता. डॉक्टर मधूनमधून येऊन बसायचा, विषय काढायचा आणि तोंडाला कुलूप बघून निघून जायचा. एकदा मात्र तो उठता उठता म्हणाला, "मी परवा पलीकडे जाऊन आलो. त्याच्या उशाशी सेट आहे. रोज सकाळी चालू करतो आणि नुसती खरखर ऐकत बसतो. बहीण म्हणाली, बंद करा म्हटलं तर करत नाहीत."

वाइंडरनं हातातली मोटर खाली ठेवली. पुन्हा उचलली. 

दुसऱ्याच आठवड्यात तो एकटा वर गेला. खोलीत उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या, छताला गांधीलमाश्यांचं पोळं होतं, बॅटऱ्या मेल्या होत्या. वायरी आणि बॅटऱ्या त्यानं बदलल्या, मोडका मनोरा ताण सोडून आडवा केला. त्याच्या जागी एक साधा खांब रोवला, बुंध्याला बिजागरी लावून. दोर सैल केला की खांब गाईसारखा मुकाट जमिनीवर निजायचा. अँटेना बसवायला आता कुणाला पायसुद्धा उचलायला नको. उंची निम्म्याहून कमी झाली, आवाजही क्षीण झाला, पण पोचत होता. ही अक्कल आधी का सुचली नाही, हे त्याचं मन त्याला येता-जाता विचारायचं. 

सगळं जुळल्यावर एका सकाळी चहाच्या वेळी त्यानं माळ्यावरच्या सेटवरचं फडकं काढलं, माइक दाबला आणि आपलं नाव सांगितलं. 

पलीकडून आवाज आला. खणखणीतपणा गेला होता, मध्येमध्ये श्वास लागत होता. "ऐकतोय. आवाज बारीक आहे तुझा. खांब लहान केलास?"

"हो."

"बरं केलंस."

अपघाताबद्दल दोघं तेवढंच बोलले. मग रोज सकाळ. सर्व्हेअरला घराबाहेरचं ऐकायची भूक होती. वाइंडर बॅटऱ्या बघायला डोंगरावर गेला की तिथूनच बोलायचा, आणि मेहुणा विचारायचा, "काय दिसतंय, सांग."

"डोंगर. दगड. तुमच्या बाजूला धुकं."

"तुझं वर्णन म्हणजे मोटारीवरची पाटी वाचल्यासारखं. धुकं कुठवर आलंय? ओढ्याच्या वर की खाली?"

वाइंडर बघून सांगायचा. हळूहळू तो नीट बघायला शिकला. कुठल्या शेताला पाणी लागलंय, कुठं नवं छप्पर चढलंय, कुठली वाट मोडली. मागं चिमीच्या भांड्यांचा आवाज यायचा. ती बोलत नसे, पण सेट बंदही करत नसे.

पलंगाला खिळलेल्या शरीराला जखमा होतात. पाठीला एक झाली, भरली, पुन्हा चिघळली. पुढं छातीत कफ साचायला लागला. एका सकाळी वाइंडरनं हाक मारली तर आधी नुसता खोकला आला, मग बटण दाबल्याचा आवाज.

"दादा."

चिमी होती. तिच्याकडे परवाना नव्हता. बिनपरवाना कुणी माइकला हात लावलेला वाइंडरला खपत नसे, यावरून त्यानं डॉक्टरच्या बायकोलाही एकदा सुनावलं होतं. आता त्यानं आवाज वाढवून सेटला कान लावला.

"यांना बोलवत नाहीये," ती म्हणाली. "पण ऐकतायत. तूच बोल."

"काय बोलू?"

"रोज बोलता ते."

मग तो बोलला. त्या बोलघेवड्याच्या वाटणीचं आता यालाच बोलावं लागत होतं. दुकानात आलेल्या मोटारी, गल्लीतलं भांडण, डोंगरावरची हवा. विषय संपले की जुने काढायचा. इतर मंडळी ऐकत असत, पण त्या वेळेला कुणी मध्ये पडत नसे. अधूनमधून चिमी बटण दाबून सांगायची, "हसले," किंवा "मान हलवली." कधी नुसतंच, "बोल."

एका सकाळी तो ओढ्याच्या पाण्याबद्दल सांगत होता. बटण सोडलं तेव्हा पलीकडून चिमीचा आवाज आला. थकलेला, पण स्थिर.

"दादा, आता नको बोलूस. ते गेले."

तो मिळेल त्या गाडीनं पलीकडे गेला. दार चिमीनं उघडलं. ती गळ्यात पडली नाही, बाजूला सरकली. आत शेजारची माणसं होती. सगळं आटोपल्यावर घर रिकामं झालं तेव्हा ती म्हणाली, "माझा राग गेला असं समजू नकोस."

"नाही समजत."

"तो सेट घेऊन जा. ती खरखर मला ऐकवत नाही."

त्यानं सेट गुंडाळून घेतला. ती आतून त्याची छत्री घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली. 

पुढं रिपीटर काही काळ चालला, पण त्याला धनी उरला नव्हता. मंडळींतले काही गेले, काही मुलांकडे राहायला गेले, डॉक्टरला कानांनी दगा दिला. नवीन कुणी आलं नाही. कित्येक दिवस वर आवाजच जात नसे. शेवटी पाण्याच्या खात्यानं खोली परत मागितली. भांडायला कुणी उभं राहिलं नाही. सामान उतरवायला जायचं ठरलं, तेव्हा वाइंडरनं कधी नव्हे ते बहिणीला फोन केला. का केला, त्यालाही सांगता आलं नसतं.

"मी येते," ती म्हणाली.

दोघं दोन बाजूंनी चढून वर भेटले. दोघांचेही गुडघे आता पूर्वीचे राहिले नव्हते. वाइंडरनं खोलीतला खटका खाली केला, बारीक दिवा विझला, पंख्याची घरघर थांबली. तांब्याचे डबे काळे पडले होते. तो ते एकेक करून पोत्यात गुंडाळत होता, तेव्हा चिमी बाहेरून म्हणाली, "कुठं?"

तो बाहेर आला आणि मेहुणा पडला होता ती जागा त्यानं दाखवली. काही नव्हतं तिथं. सपाट खडक आणि वाळलेलं गवत. ती खडकाच्या कडेला बसली, हातानं दगड चाचपून पाहिला.

"तू खाली धावलास तेव्हा ते काय म्हणाले?"

इतक्या वर्षांत हे तिनं विचारलं नव्हतं, आणि त्यानं कुणाला सांगितलंही नव्हतं.

"म्हणाले, हळू जा. खडी निसटते, तू पडशील."

चिमी मान खाली घालून बसली. तिचे खांदे हलत होते. वाइंडर तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. जवळ जावं की नको, हे त्याला ठरवता येईना, आणि मग ती वेळच निघून गेली. तिनं तोंड पुसलं, उठली आणि विचारलं, "यातलं जड काय आहे?"

"बॅटरी."

बाकीचं सामान उद्यावर ठेवलं. बॅटरीला दोन्हीकडे कड्या होत्या. एक त्यानं धरली, एक तिनं. ती त्याच्या बाजूनं खाली उतरली. ओझं आडवं धरून उतरताना दोघांचे पाय जुळत नव्हते, सारखं थांबावं लागत होतं. रस्त्याला लागेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. तिच्या गावाकडे डोंगराला वळसा घालून जाणारी शेवटची गाडी यायची होती. तिथल्या दगडावर बॅटरी मध्ये ठेवून दोघं गाडीची वाट बघत बसले.