झऱ्यावरचा पहिला नंबर

खडी फोडायला बसलं की एका दगडाचे पंधरा तुकडे होतात. किश्श्यांचं तसंच. एक फोडला की बाकीचे आपोआप निघतात. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पाथर्डीकडच्या रस्त्याच्या कामावरची खडी ट्रकनं नेली, किस्से माझ्याकडे राहिले.

कामाचा नियम एकच. हजेरी झाल्यावर आलेली बाई माघारी. तीन खाडे झाले की नाव कट. घड्याळ एकट्या मुकादमाच्या मनगटावर. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण सूर्य वाचता यायचा. म्हणून वस्तीवरच्या बायांना वेळेवर पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

*

आधी मी ठरवून दिलं, सकाळची एस.टी. गेली की निघायचं. महिनाभर झकास चाललं. एक दिवस एस.टी. वाटेतच बंद पडली. आम्ही चौदा बाया भाकरी बांधून, पोरं काखेला मारून रस्त्याकडे बघत बसलो. ऊन पाठीवर आलं तरी कुणी उठेना. सगळ्यांचा खाडा!

म्हातारी ठकूबाई म्हणाली, "गाडी आली न्हाई तर दिस उगवलाच न्हाई म्हनायचं, व्हय गं गोदे?"

*

ठकूबाईला स्वतःला वेळ कळायची जात्यावर. दळण संपलं की निघायचं. घरातले दाणे संपले आणि तिची वेळ चुकायला लागली. मी म्हटलं, रिकामंच फिरव, रोजच्या ओव्या म्हणून झाल्या की ऊठ. तिनं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी घरघर ऐकून शेजारीण वाटी घेऊन दारात उभी.

"पीठ न्हाई बाई," ठकूबाई म्हणाली. "नुसती वेळ दळतीया."

*

मुकादम दुपारची सुट्टी द्यायला विसरायचा. रोज विसरायचा. मी पौषात एक पहार उभी रोवली, डोक्यावर ऊन आल्यावर सावलीच्या टोकाशी दगड ठेवला. सावली दगडाला टेकली की हातोड्या खाली. मुकादमही मानायला लागला.

चैत्रात सावली आखडली. दगडापर्यंत पोचेचना. पोरं रडताहेत, पोटात कावळे, तरी हातोड्या चालूच. सावली टेकली नव्हती ना!

"गोदे, तुझ्या दगडानं आमची भाकर खाल्ली," ठकूबाई म्हणाली.

*

राहता राहिली सरू. नवरा विहिरीच्या कामावर पाय मोडून घरात पडलेला. कमावणारे हात तिचेच. पाणी नदीतल्या झऱ्याचं, कामावर निघायच्या आधी वाटीवाटीनं हंडा भरायचा. झरा कुणाची घाई ऐकत नाही. सरूचं खोपट लांब, म्हणून नंबर शेवटी. तिचे दोन खाडे पडलेले. तिसरा पडला की नाव गेलं, चूल गेली.

मी माझा पहिला नंबर तिला दिला, तिचा शेवटचा घेतला.

"मावशी, तुमचं कसं व्हईल?"

"माझे पाय लई चालत्यात."

चालले, आठवडाभर. मग झरा खाली खाली गेला. एस.टी.चा एक खाडा माझ्या नावावर होताच. दुसरा पडला. तिसऱ्या वेळी उशिरा पोचले तर मुकादमानं वही मिटलेली.

"गोदाबाई, समद्यांना वेळेवर आणलंत," तो म्हणाला. "तुमची वेळ कुठं ऱ्हायली?"

"देऊन टाकली, साहेब."

त्यानं वही उघडून माझ्या नावावर रेघ मारली. मी भाकरी काखेत धरून माघारी वळले. सरू तिथंच बसली होती. तिनं मान वर केली नाही. हातोडीही थांबली नाही.