गाठीतून बोलणारी

आधीच सांगते, मी सॉफ्टवेअरवाली. आईने दाराला लिंबू-मिरची टांगली तरी तिच्याशी वाद घालणारी. म्हणून हे लिहायला इतके महिने लागले...

नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये आमचं सॉफ्टवेअर वापरतात. मेंदूच्या काही ऑपरेशनमध्ये पेशंटला जागं ठेवून बोलतं ठेवावं लागतं. वरचा कॅमेरा उघडा मेंदू टिपतो आणि पेशंट बोलत असेपर्यंत आमचं मॉडेल बोलण्याची जागा ओळखून स्क्रीनवर पिवळी करतं. म्हणजे सर्जनने ती जागा सांभाळायची.

त्या सकाळी पेशंट होत्या देवळ्याच्या वत्सलाबाई, मेंदूत गाठ असलेल्या. मी चित्रं दाखवत होते, त्या नावं सांगत होत्या. "विळा... बैल... कांदा. उन्हाळी दिसतोय, लय टिकंल!" सगळे हसलो.

तेवढ्यात दुसरा पिवळा ठिपका उमटला — थेट गाठीवर.

"सर, थांबा!" मी म्हणाले.

सर्जन सरांनी तिथे बारीक करंट देऊन पाहिला. बोलायची जागा असती तर बाई अडखळल्या असत्या. त्या बोलतच राहिल्या.

"तुझं मॉडेल चुकतंय," सर म्हणाले.

"वत्सलाबाई, जरा गप्प राहता?" मी म्हणाले.

त्या गप्प झाल्या. खरी जागा विझली. गाठीवरचा ठिपका मात्र लुकलुकत राहिला... थांबत, पुन्हा सुरू होत. कुणी बोलावं तसा.

"आता ती बोलतीये," बाई हळूच म्हणाल्या.

"कोण?"

"हाय एक बाई. वरीस झालं. म्हणती, मला काढू नका."

सर कामाला लागले. गाठ ठेवली असती तर बाई वाचल्या नसत्या.

गाठ निघाली. पोकळीत सलाईनचं पाणी भरलं. आणि त्या पाण्यावर, जिथे मेंदूच उरला नव्हता, तिथे ठिपका लुकलुकतच होता.

"अजून बोलतेय?" मी कसंबसं विचारलं.

"हो. पन माझ्याशी नाय." बाईंचं डोकं पक्कं बांधलेलं, फक्त डोळे माझ्याकडे वळले. "ताई, तुमाला हाक मारतीये. ओ का देत नाय?"

मी आमच्या कॉम्प्युटरचा प्लग ओढला.

वत्सलाबाई ठणठणीत आहेत. तपासणीला आल्या तेव्हा त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. टीमने रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पाहिलं. ठिपका त्यात आहे, पण त्याचं कारण कुणालाच सापडलं नाही. सर तो विषय काढू देत नाहीत.

आता घरात आईने हाक मारली तरी मी आधी वळून तिचे ओठ हलताना बघते. मगच ओ देते.